मदत हवी आहे: अपघातात जप्त झालेली गाडी सुपूर्तनाम्यावर (कोर्टाला लेखी हमी देऊन) सोडवायची आहे, पण आरसी वडिलांच्या नावावर

नमस्कार मंडळी, दीड महिन्यापूर्वी धाकट्या भावाच्या बाईकचा एका रिक्षाला धक्का लागला, रिक्षावाल्या काकांचा पाय फ्रॅक्चर, एफआयआर झाला आणि पंचनामा करून गाडी मुद्देमाल म्हणून जप्त. आरटीओचं इन्स्पेक्शन पण होऊन गेलं तरी गाडी अजून चौकीच्या आवारात कडुनिंबाखालीच. परवा बघून आलो तर सीट मांजरांनी फाडलेली, टाकीवर लिंबोळ्यांचा चिकट थर आणि बॅटरी गायब, विचारलं तर साहेब म्हणाले कोर्टाची ऑर्डर आणा मग बोलू.

वकील मित्र म्हणतो नुसत्या दंडाची केस असती तर ई-चलान भरून गाडी सुटली असती, इथे गुन्हा दाखल आहे म्हणून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, पूर्वी सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ४५१ आणि ४५७ होतं ते १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४९७ आणि ५०३ झालंय, कोर्ट पोलिसांचा से (लेखी म्हणणं) मागवतं आणि बंधपत्र घेऊन सोडतं. २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई निकालात सुप्रीम कोर्टाने गाड्या चौकीत सडवत ठेवू नका, फोटो पंचनामा करून लवकर सोडा असं म्हटलंय, तोही जोडणार आहे.

आता खरी अडचण, आरसी वडिलांच्या नावावर आणि ते मागच्या वर्षी वारले, ट्रान्सफर आळसात राहिलं (आईच्या शिव्या खाऊन झाल्यात). इन्शुरन्स चालू आहे. अर्ज आईच्या नावाने करायचा का? मृत्यू दाखला आणि आम्हा भावंडांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र चालतं की वारस दाखला लागतोच? आणि बॅटरीचं अर्जातच लिहावं की आधी गाडी ताब्यात घ्यावी? कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.