इंजिन बदलल्यावर स्विफ्ट चालू होत नाहीये, मदत हवी आहे

पेट्रोल स्विफ्ट आहे, पुण्याच्या मंगळवार पेठेतून सेकंडहँड इंजिन आणून बसवलं, ईसीयू (इंजिन कंट्रोल करणारा कॉम्प्युटर) आणि वायरिंग जुनंच ठेवलंय. सेल्फ मारला की इंजिन मस्त फिरतं पण पकडत नाही, प्लगला स्पार्कच नाही. फ्युएल पंपचा आवाज येतो, बॅटरी १२.५ व्होल्ट, फ्यूज ओके, ब्लॉकची अर्थिंग साफ करून घट्ट केली, इमोबिलायझरचा (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी सिस्टिमचा) दिवा पण विझतो म्हणजे चावीचा लफडा नसावा. स्कॅनरला एरर कोड नाही पण सेल्फ मारताना आरपीएम शून्यच दाखवतो, म्हणून जुन्या इंजिनचा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा) लावून बघितला, तरी तेच. गाडी धायरीला सोसायटीच्या पार्किंगमध्ये अडकलीये, टोइंग नको, आता हाताशी फक्त मल्टिमीटर आहे. तर क्रँक सेन्सरच्या तीन वायरींवर इग्निशन ऑन असताना किती व्होल्ट यायला पाहिजेत, आणि सिग्नल ईसीयूपर्यंत पोचतोय का ते मल्टिमीटरने कसं बघू?