‘इम्पॅक्ट’ हे क्रियापद शुद्ध आहे काय?

लातूर : सोयाबीनविषयीच्या एका इंग्रजी माहितीपत्रकाचा अनुवाद करत आहे. ‘ड्राय स्पेल हॅज इम्पॅक्टेड द यील्ड’ या वाक्यासाठी मी ‘पावसाच्या खंडाने उत्पादन प्रभावित झाले’ असे लिहिले. मसुदा तपासणाऱ्या सरांनी मूळ इंग्रजीलाच अशुद्ध ठरवले. ‘इम्पॅक्ट’ हे नाम आहे, त्याचे क्रियापद होत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. इंग्रजीत खरोखर असा नियम आहे काय, आणि मराठीत ‘प्रभावित’ चालेल काय?

परभणी : सरांचे म्हणणे योग्य आहे. दिसेल त्या नामाला ‘ईडी’ जोडून क्रियापद करण्याची खोड कचेऱ्या आणि जाहिरातींनी लावली आहे. निवृत्त होईपर्यंत मी इंग्रजी शिकवले, आणि मुलांच्या वह्यांतून ‘प्रीपोन’ व ‘डिस्कस अबाउट’ खोडता खोडता थकलो.

नांदेड : सर, आदरपूर्वक मतभेद नोंदवतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८९ मध्ये कोशकार नोआ वेब्स्टर यांना पत्र लिहून ‘नोटिस’, ‘ॲडव्होकेट’ आणि ‘प्रोग्रेस’ क्रियापदे म्हणून वापरण्याबद्दल हीच तक्रार केली होती; आज ही तिन्ही क्रियापदे कोणालाही खटकत नाहीत. ‘एडिट’ हेही ‘एडिटर’वरून मागाहून घडले. ‘इम्पॅक्ट’ तर आधी क्रियापद होते, नाम नंतरचे. त्याचा जुना अर्थ दाबून घट्ट बसवणे असा होता, म्हणूनच हिरडीत अडकलेल्या अक्कलदाढेला दंतवैद्य आजही ‘इम्पॅक्टेड’ म्हणतात. आणि आपण रागावतो, हाताळतो, लाथाडतो, ते नामधातूच आहेत. फारसी-अरबीकडून आलेल्या ‘खर्च’ आणि ‘बदल’ यांचेही आपण ‘खर्चणे’, ‘बदलणे’ केलेच. निजामाच्या राजवटीत ज्यांच्या आजोबांनी उर्दूतून कामकाज केले, त्या आपण तरी परका शब्द उंबऱ्याबाहेर ठेवू नये.

परभणी : नामधातूंना माझा विरोध नाही. खंडाने उतारा वाढला की घटला, हे ‘इम्पॅक्टेड’ सांगत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. आपला शेतकरी ‘एकरी उतारा घटला’ असे स्वच्छ म्हणतो. कचेरीला मात्र नेमके बोलायचे नसते, म्हणून तिला असली क्रियापदे लागतात, आणि ‘प्रभावित’ हे त्यांचेच मराठी भावंड आहे.

बीड : सर, ‘प्रीपोन’ला मात्र त्यात ओढू नका, कारण त्याचा अर्थ अगदी नेमका आहे. आमच्याकडे लग्नाची तारीख ‘अलीकडे घेतली’ म्हणतात; तेवढेच एका शब्दात सांगायला इंग्रजीत दुसरे क्रियापद मला आढळले नाही. ऑक्सफर्डच्या कोशानेही त्याची नोंद घेतली आहे.

परभणी : कोशात नोंद होणे म्हणजे मान्यता मिळणे नव्हे, कोश शिव्यांचीही नोंद घेतो. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ उपलब्ध असताना ‘पोस्टपोन’ उलटा करून शब्द घडवण्याची गरज नव्हती.

नांदेड : ‘ब्रिंग फॉरवर्ड’ ऐकून आपल्या भागातला माणूस तारीख पुढे ढकलली असेच समजेल, आणि मंगल कार्यालयाचे आरक्षण भलत्याच दिवशी करून बसेल. ज्या शब्दाने असा घोळ टळतो, त्याला अशुद्ध म्हणणे मला पटत नाही.