मदत हवी आहे: ईझेडएच२ मधलं टायरोसिन ६४१ की ६४६?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी ईझेडएच२ हा जीन घेतलाय आणि दोन ठिकाणी गाडी अडलीय.

हा जीन ७व्या गुणसूत्रावर. त्याचं एन्झाइम पीआरसी२ या प्रथिनांच्या संकुलात राहून हिस्टोन एच३च्या (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एक प्रथिन) २७व्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लावर मिथाइल गट चढवतं, आणि तिथले जीन गप्प होतात. इथवर ठीक.

फॉलिक्युलर लिम्फोमा या बी-पेशींच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) कर्करोगातलं या जीनचं नेहमीचं म्युटेशन काही लेखांत प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लाच्या जागा ६४१ वर आहे, तर काहींत ६४६ वर. प्रथिनाची एक आवृत्ती ७४६ अमिनो आम्लांची, दुसरी ७५१ची. म्हणजे ही जागा एकच, फरक फक्त मोजणीचा, बरोबर ना? स्लाइडवर कोणता आकडा लिहू?

खरा गोंधळ पुढे आहे. लिम्फोमात या म्युटेशनने त्याच लायसिनवर तिसरा मिथाइल गट चढवण्याचं काम वाढतं, पण मायलॉइड कर्करोगांत (अस्थिमज्जेतल्या दुसऱ्या गटातल्या रक्तपेशींच्या) याच जीनचं काम बंद पाडणारी म्युटेशन्स सापडतात. वाढलं तरी कर्करोग, थांबलं तरी कर्करोग! (सर नेमकं हेच विचारणार, त्यांची सवयच आहे.) पेशीचा प्रकार वेगळा म्हणून परिणाम वेगळा, एवढं उत्तर पुरेल का? की गप्प होणाऱ्या जीनचं एखादं ठोस उदाहरण द्यावं? कुणी यावर काम केलं असेल तर प्लीज सांगा.