मदत हवी आहे: लेंड्यांच्या तपासणीत अंडी नाहीत, पण मेंढीच्या यकृतात पर्णकृमी निघाले

नमस्कार मंडळी,

कळपातली चांगली खातीपिती मेंढी अचानक दगावली. शवविच्छेदनात यकृत सुजलेले, त्यावर रक्ताळलेले वेडेवाकडे चरे आणि आत बारीक चपटे कृमी दिसले. डॉक्टर म्हणाले, हे लिव्हर फ्लूक म्हणजे पर्णकृमी, अजून वाढ पुरी न झालेले. पण थोड्याच दिवसांपूर्वी कळपाच्या लेंड्या तपासून घेतल्या होत्या आणि अहवालात एकही अंडे नव्हते. अल्बेंडाझोल हे जंतांचे औषधही पाजलेले आहे. आता आणखी काही मेंढ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या दिसताहेत. चराई पाणथळ कुरणात असते, तिथे गोगलगायी खूप आहेत. काही मेंढ्या गाभण आहेत, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. अहवाल चुकला का? आणि औषध लागू का पडले नाही?

प्रतिसाद:

ताई, अहवाल बरोबर असूनही कृमी असू शकतात. गवताला चिकटलेल्या पुटीतून (गोगलगायीतून बाहेर पडलेल्या पिल्लाभोवतीचे कवच) पर्णकृमी पोटात जातो, आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतो आणि सहा ते आठ आठवडे यकृत पोखरत हिंडतो. मग पित्तनलिकेत स्थिरावून अंडी घालू लागतो. म्हणजे लागण झाल्यापासून लेंड्यांत अंडी दिसायला साधारण दहा-बारा आठवडे जातात. मेंढ्या अचानक मरतात त्या बहुधा या आधीच्याच काळात. तपासणी कोणत्या पद्धतीने केली तेही विचारा. जंतांची अंडी मिठाच्या पाण्यावर तरंगवून पाहतात. पर्णकृमीची अंडी जड, ती तळाशी बसवूनच शोधावी लागतात.

अल्बेंडाझोल फक्त पूर्ण वाढलेल्या पर्णकृमींवर चालते, तेही गोलकृमींच्या मात्रेपेक्षा जास्त मात्रेत. कोवळ्या पर्णकृमींसाठी ट्रायक्लाबेंडाझोल लागते. आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या जंतनाशकाचा इथे काहीच उपयोग नाही. गाभण मेंढ्यांना अल्बेंडाझोल परत पाजू नका, पहिल्या महिन्यात ते गर्भाला घातक ठरते.

दुसरा प्रतिसाद:

वरचे सगळे पटले. एक भर घालते. ट्रायक्लाबेंडाझोलला न जुमानणारे पर्णकृमी ऑस्ट्रेलियात 1995 सालीच नोंदवले गेले आणि नंतर इतर देशांतही सापडले. म्हणून औषध वजन करूनच द्या, अंदाजाने कमी पाजू नका, आणि तीन आठवड्यांनी लेंड्या पुन्हा तपासा. कुणी क्लोसँटेल हे पर्णकृमींवरचे दुसरे औषध सुचवले तर मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. जास्त झाली तर मेंढी आंधळी होते. सगळ्यात आधी कळप त्या कुरणातून हलवा. औषध पोटातले कृमी मारते, गवतावरच्या पुट्या तशाच राहतात, आणि ओलाव्यात त्या कित्येक महिने जगतात.

मूळ प्रश्नकर्ती:

मनापासून आभार. तपासणी तरंगवूनच केली होती, विचारून घेतले. कळप कोरड्या रानात नेलाय, उद्या डॉक्टर येऊन वजनं करणार आहेत. एक शंका उरली: घरातल्या माणसांना मेंढ्यांपासून धोका आहे का?

प्रतिसाद:

मेंढीला हात लावून किंवा तिच्याजवळ राहून लागण होत नाही. माणसालाही पर्णकृमीची लागण त्याच वाटेने होते, कच्च्या पाणवनस्पती खाऊन किंवा पुट्या असलेले पाणी पिऊन. त्या पाणथळीतली भाजी कच्ची खाऊ नका आणि तिथले पाणी उकळूनच प्या. कुणाला बरेच दिवस ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर डॉक्टरांना मेंढ्यांचा हा सगळा इतिहास आवर्जून सांगा, कारण माणसातही सुरुवातीला शौचाच्या तपासणीत अंडी दिसत नाहीत.