वेस्ट इंडीजचं क्रिकेट हा आफ्रिकी वंशजांचा इतिहास की सगळ्या बेटांचा?

मिडऑन:
मागच्या धाग्यावर एकाने लिहिलं, "विंडीज फास्ट बोलिंगवर जिंकायचे, त्यात वंश आणि गुलामगिरी कशाला?" मला हे अजिबात पटत नाही. १९७६चा इंग्लंड दौराच घ्या. मालिकेआधी इंग्लंडचा कप्तान टोनी ग्रेग टीव्हीवर बोलला की आम्ही यांना नाक घासायला लावू. बोलणारा गोरा, जन्माने दक्षिण आफ्रिकेचा, तेव्हा तिथे वर्णद्वेषी राजवट. ऐकणाऱ्यांचे पूर्वज बेड्या घालून जहाजांतून आणलेले. लंडनच्या ओव्हल मैदानावर विंडीजच्या व्हिव्ह रिचर्ड्सने २९१ ठोकल्या. पाटा खेळपट्टीवर वेगवान गोलंदाज मायकेल होल्डिंगने १४ बळी घेतले आणि ग्रेगचा दोन्ही डावांत त्रिफळा उडवला. मालिका ३-०. १९४८नंतर ब्रिटनमध्ये बस, रेल्वे आणि इस्पितळांत कामाला आलेली कॅरिबियन माणसं त्या मैदानात बसली होती, आणि ग्रेग त्यांच्यासमोर गुडघ्यांवर रांगला. पुढे रिचर्ड्सच्या मनगटावर पट्टा दिसायचा: हिरवा म्हणजे आफ्रिकेची भूमी, सोनेरी म्हणजे तिथून लुटलेलं सोनं, लाल म्हणजे सांडलेलं रक्त. तो माणूस बॅट घेऊन इतिहासच सांगत होता.

पोर्टऑफस्पेन७१:
१९७६ मान्य. पण विंडीज म्हणजे आफ्रिकी वंशज, एवढंच चित्र ठेवलंत तर अन्याय होतो. १९५०ला लॉर्ड्सवर विंडीज इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी जिंकले, तेव्हा ११ बळी सोनी रामाधीनचे होते. त्रिनिदादच्या भारतीय वंशाच्या घरातला पोरगा. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांत भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, नेले, त्यांची ही नातवंडं-पतवंडं. कन्हाय, कालिचरण, चंदरपॉल हे फलंदाज त्यातलेच. रिचर्ड्सने आपला संघ आफ्रिकी वंशाचा म्हटलं, तेव्हा त्रिनिदाद आणि गयानात माणसं दुखावली, ती उगाच नाही. १९७१ला त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला आपण, म्हणजे भारत, जिंकलो, त्यात दिलीप सरदेसाईंनी शतक ठोकलं. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही त्या विजयाचा अभिमान वाटला. ती माणसं तुमच्या गोष्टीत कुठे बसतात?

मिडऑन:
त्यांच्या दुखण्याला मी कमी लेखत नाही. पण वर्णाचा प्रश्न प्रेक्षकांनी आणलेला नव्हता, तो आधी संघ निवडणाऱ्यांनी आणला. जॉर्ज हेडलीसारखा कृष्णवर्णीय फलंदाज, आणि त्याला १९४८मध्ये एकाच कसोटीत कप्तानी. पूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कप्तान यायला १९६० उजाडलं. लेखक सी. एल. आर. जेम्स त्रिनिदादच्या वर्तमानपत्रातून फ्रँक वॉरेलसाठी भांडत राहिले, मग कुठे ते घडलं. अडीच-तीनशे वर्षं हुकूम ऐकलेल्या समाजातला माणूस पहिल्यांदा क्षेत्ररचना लावतोय, याला फक्त खेळ म्हणायचं? आणि याच वॉरेलने १९६२ला बार्बाडोसला भारताचा कप्तान नरी काँट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागला तेव्हा रक्त दिलं. ही अस्मिता दुसऱ्याचा द्वेष करणारी नव्हती.

रेडिओवाला:
एवढा इतिहास रक्तात होता, तर १९८३ला जमैकाच्या लॉरेन्स रोवच्या हाताखाली विंडीजचे डझनाहून जास्त खेळाडू, जगाने बहिष्कार टाकलेल्या वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत पैसे घेऊन खेळायला कसे गेले? मैदानात त्यांना टाळ्या मिळत होत्या, आणि त्यांच्यातल्याच कॉलिन क्रॉफ्टला रेल्वेत गोऱ्यांसाठी राखीव डब्यातून उठवलं. अस्मिता आपण मागाहून चिकटवतो. खेळाडूला घर चालवायचं असतं.

डावखुरी:
रेडिओवाला, तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं. रिचर्ड्सला याहून मोठी रक्कम देऊ केली होती, त्याने घेतली नाही. जे गेले त्यांच्यावर बंदी आली. जमैकात रोवला तोंड दाखवणं कठीण झालं, तो फ्लोरिडात जाऊन राहिला. नुसत्या धंद्यासाठी लोक एवढे तुटतात का? माझ्या डोळ्यांसमोर मात्र २०२०चा होल्डिंग आहे. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला पावसाने कसोटीचा खेळ थांबलेला, आणि तो टीव्हीवर सांगत होता की बल्बचं नाव काढलं की एडिसन आठवतो, पण त्यातली कार्बनची तार टिकाऊ करणारा लुईस लॅटिमर कृष्णवर्णीय होता, हे शाळेत त्याला कुणीच शिकवलं नाही. नवरा फार काळा म्हणून आईच्या माहेरच्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं, हे सांगताना दुसऱ्या दिवशी तो रडला. १९७६ला स्टंप उडवणारा तोच माणूस. चेंडूतून जे सांगता आलं नाही, ते त्याने बोलून पुरं केलं.

पोर्टऑफस्पेन७१:
होल्डिंगचं मी मनापासून ऐकलं. तरी माझा प्रश्न उरतोच. विंडीजकडून सर्वाधिक, १६४ कसोटी खेळलेला माणूस चंदरपॉल आहे, आणि या धाग्यावर त्याचं नाव फक्त मी घेतलंय.