सहा लाखांत जुनी फोर बाय फोर: डस्टर की स्टॉर्म?

प्रश्न: घरात पाच माणसं. पावसाळ्यात कोकणातल्या गावी शेवटचे दोन किलोमीटर चिखलाचे. रेनॉ डस्टर एडब्ल्यूडी (चारही चाकांना ताकद देणारी) डिझेल घ्यावी की टाटा सफारी स्टॉर्म?

घाटवाट: चिखलच असेल तर डस्टर पुरे. लो रेंज (सावकाश पण जास्त जोराने ओढणारे वेगळे गिअर) नाही, पण पहिला गिअर मुद्दाम आखूड, म्हणजे हळू पण जोरात ओढणारा ठेवलाय. चारही टायर एकाच मेकचे, सारखे झिजलेले हवेत, नाहीतर मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या कपलिंगवर कायम ताण येतो. टायमिंग बेल्ट (इंजिनातला पट्टा) बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च किमतीतून सरळ वजा करा.

पानापेटी: सामान जास्त, चढ दगडी असेल तर स्टॉर्मच. ट्रायल मातीवर घ्या. डांबरावर फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) वळवलीत तर गाडी अडखळणारच, तो दोष नव्हे. फोर-एल (चारही चाकं, लो रेंज) टाकताना गाडी थांबलेली, गिअर न्यूट्रल, क्लच दाबलेला. फोर-एलचा दिवा नुसता लुकलुकत राहिला तर शिफ्ट मोटर (हा बदल करणारी मोटर) किंवा वायरिंग बघा. आणि खालून चॅसीवर ताजा काळा रंग दिसला की स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहायचं. गंज तिथेच लपवतात.

घाटवाट: दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी दिसली तर एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायचा ना-हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स धरून हिशेब करा. स्वस्ताई बरीचशी तिथेच संपते.