मदत हवी आहे: टीपीएम चिपसाठी क्रेडेन्शियल बनतं, पण चिप ते उघडत नाही

द्राक्षबॉक्स (सातपूर)

नमस्कार मंडळी. दोन रात्री यातच गेल्या, आता विचारल्याशिवाय इलाज नाही. लॅपटॉप ऑफिसमध्येच राहिलाय आणि मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे. कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं काम छोटं आहे. पिंपळगाव, ओझर, दिंडोरी या पट्ट्यात द्राक्षांच्या प्री-कूलिंगला आणि कोल्ड स्टोरेजला तापमान मोजणारे मिनी पीसी बसवलेत, ११ नग. सगळ्यांवर डेबियन लिनक्स. दर मिनिटाला आकडा सातपूरच्या सर्व्हरवर येतो.

मागच्या सीझनला एक बॉक्स दुरुस्तीला बाहेर दिला होता. परत आला, बसवला, आणि आठवड्याभरात त्याच नावाने दोन आकडे यायला लागले. एक १ डिग्री, दुसरा २९. कोणीतरी एसएसडीची कॉपी मारून दुसऱ्या मशीनला लावली होती. पासवर्ड, एसएसएच की, सगळं डिस्कवरच, त्यामुळे सर्व्हरला दोघेही खरेच वाटले. स्टोरेजच्या मालकांनी फोनवर काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हाच ठरवलं की ओळख डिस्कवर ठेवायची नाही, चिपमध्ये ठेवायची. बोर्डांवर टीपीएम २.० (किल्ल्या आत जपणारी सुरक्षा चिप) आहेच, म्हणून तिच्या कमांडींचा संच, टीपीएम२-टूल्स, घेतला. केलं ते असं:

बॉक्सवर क्रिएटईके चालवून एंडोर्समेंट की (ईके, चिपची जन्मजात ओळख-किल्ली) ०एक्स८१०१०००१ या हँडलवर कायमची ठेवली आणि तिची पब्लिक की पेम फॉर्मॅटमध्ये काढली. मग क्रिएटएके चालवून तिच्याखाली अटेस्टेशन की (एके, चिपच्या वतीने सही करणारी किल्ली) बनवली. तिचं नाव (तिच्या तपशिलांवरून निघणारा ठसा) एके डॉट नेम या फाइलमध्ये पडतं. ती फाइल एक्सएक्सडी डॅश पी मधून काढून हेक्सची टेक्स्ट फाइल केली आणि एससीपीने सर्व्हरवर पाठवली.

सर्व्हरवर टीपीएम नाही, म्हणून मेकक्रेडेन्शियलला (फक्त त्याच चिपला उघडता येईल असं गुपिताचं पाकीट बनवणारी कमांड) कॅपिटल टी नन दिलं, ईकेची पेम फाइल, कॅपिटल जी आरएसए, ३२ बाइटचं रँडम गुपित, आणि वरचं नाव. ब्लॉब, म्हणजे त्या बंद पाकिटाची फाइल, बनतो. एकही तक्रार नाही.

तो ब्लॉब बॉक्सवर आणून अ‍ॅक्टिव्हेटक्रेडेन्शियल मारलं की: पॅरामीटर १, इंटिग्रिटी चेक फेल. कोड ०एक्स१डीएफ.

आधी ०एक्स१२एफ यायचा, तो गेला. ईके नुसत्या पासवर्डवर ऐकत नाही, पॉलिसी सेशन (चिपच्या अटी पूर्ण केल्याचं तात्पुरतं सत्र) लागतं, हे तेव्हा कळलं. स्टार्टऑथसेशन, मग एंडोर्समेंट हायरार्कीवर पॉलिसीसीक्रेट, मग ते सेशन कॅपिटल पी ला. तिथपर्यंत आलोय आणि आता या इंटिग्रिटीवर अडकलोय. ११ पैकी ३ बॉक्सवर करून बघितलं, तिन्हीकडे हेच.

नाशिकरोडचा

बायोसमध्ये जाऊन टीपीएम क्लिअर मार आणि पहिल्यापासून कर. माझ्या लॅपटॉपला विंडोज ११ टाकताना असंच अडलं होतं, क्लिअर केल्यावर सुटलं.

कर्नलताई

थांबा, क्लिअर करू नका!

क्लिअर केल्याने स्टोरेजचं बीज (चिपमधला गुप्त आकडा, ज्यातून किल्ल्या निघतात) बदलतं. त्या बॉक्सवर डिस्क एन्क्रिप्शनची किल्ली टीपीएमला बांधलेली असेल तर ती कायमची गेली. शिवाय उपयोग काहीच नाही, कारण एंडोर्समेंटच्या बीजाला क्लिअर हात लावत नाही. त्याच साच्यातून ईके पुन्हा तीच निघणार. म्हणजे नुकसान करून घेऊन परत त्याच जागी.

आता मूळ प्रश्न. एरर नीट वाचा, चिप बरंच सांगतेय. अ‍ॅक्टिव्हेटक्रेडेन्शियल चिपला दोन गोष्टी देतं. पॅरामीटर १ म्हणजे गुपिताचं बंद पाकीट. पॅरामीटर २ म्हणजे ते पाकीट ज्या बीजावरून बंद केलं ते बीज, ईकेच्या पब्लिक कीने एन्क्रिप्ट केलेलं. चिप आधी दुसरं उघडते. ईके चुकीची असती तर ती २ वरच अडली असती. तुमची १ वर अडलीय, म्हणजे बीज निघालं, ईके बरोबर आहे, ब्लॉबही वाटेत खराब झालेला नसावा. पाकिटावरचा एचमॅक (छेडछाड पकडणारं सील) तेवढा जुळत नाही.

हा एचमॅक नुसत्या पाकिटावर नसतो, पाकीट अधिक अटेस्टेशन कीचं नाव या दोघांवर मिळून असतो. सर्व्हरने एक नाव धरून एचमॅक काढला, चिपने तुम्ही लोड केलेल्या कीचं नाव धरून काढला, दोन्ही वेगळे निघाले. ९९ टक्के घोळ नावात आहे. की पुन्हा बनवली आणि सर्व्हरवर नाव जुनंच राहिलं, असं झालंय का?

द्राक्षबॉक्स

ताई, मलाही तीच शंका आली होती, म्हणून काल तिन्ही बॉक्सवर की नव्याने बनवून नाव लगेच पाठवलं. तारीख-वेळ जुळते. सर्व्हरवरची फाइल उघडून बघितली, ०००बी ने सुरू होते, बॉक्सवरच्याशी अक्षर न् अक्षर जुळते. एमडी५ पण सारखा.

नाशिकरोडचा, क्लिअर केलं नाही बरं का. बोट एंटरवर होतं.

टर्मिनलवाला (मालेगाव)

भो, एमडी५ जुळला म्हणजे फाइल नीट पोहोचली एवढंच. मुळात फाइलच वाकडी असेल तर वाकडीच पोहोचणार ना.

दोन आकडे दे. बॉक्सवर एके डॉट नेम किती बाइट? सर्व्हरवरची हेक्स फाइल किती बाइट? डब्ल्यूसी डॅश सी मार.

द्राक्षबॉक्स

एके डॉट नेम ३४. हेक्सची फाइल ७०.

टर्मिनलवाला (मालेगाव)

सापडला चोर.

नाव ३४ बाइटचं असतं. पहिले दोन बाइट म्हणजे तुझं ०००बी, शा२५६ या हॅश पद्धतीची खूण, आणि पुढे ३२ बाइटचा हॅश. ३४ दुणे ६८ हेक्स अक्षरं, शेवटी एक न्यूलाइन, झाले ६९. तुझे ७० आहेत. जास्तीचा एक कुठून आला?

एक्सएक्सडी डॅश पी एका ओळीत ३० च बाइट छापतो. ३० बाइट म्हणजे ६० अक्षरं, मग ओळ मोडतो, उरलेली ८ अक्षरं खालच्या ओळीत. मोबाइलवर किंवा अरुंद टर्मिनलमध्ये बघितलंस तर ओळ आपोआप वळलीय असंच वाटतं, मोडलीय हे कळत नाही. मी पण एकदा यात अख्खा रविवार घालवलाय.

आता सर्व्हरवरच्या स्क्रिप्टमध्ये ती फाइल कशी वाचतोस ते टाक.

द्राक्षबॉक्स

अरे देवा. बॅशचा रीड वापरलाय. रीड नाव, आणि पुढे फाइल.

टर्मिनलवाला (मालेगाव)

मग झालंच. रीड पहिली ओळ वाचतो आणि गप्प बसतो. मेकक्रेडेन्शियलला तू ३० च बाइटचं नाव दिलंस. टीसीटीआय (कॅपिटल टी, चिपशी बोलायचा रस्ता) नन असल्यावर समोर चिप नाही, सगळं सॉफ्टवेअरमध्ये चालतं. त्याने मुकाट अर्धवट नावावर पाकीट बंद करून दिलं. चिप मात्र पूर्ण ३४ धरून बसली.

एक्सएक्सडी डॅश पी च्या पुढे डॅश सी ६४ लाव, एका ओळीत येईल. नाहीतर टीआर डॅश डी ने न्यूलाइन उडव.

 

द्राक्षबॉक्स

झालं!!!

पिंपळगावच्या बॉक्सवर आत्ता रिमोटने केलं. एरर नाही, ३२ बाइटची फाइल निघाली, सर्व्हरवरच्या गुपिताशी सीएमपी (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) केलं तर काहीच छापलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काही न छापल्याचा एवढा आनंद झाला. भाऊ, मालेगावहून नाशिकला आलात की मिसळ माझ्याकडे लागू.

बाकीच्यांसाठी: त्याच बॉक्सवर तेच सेशन परत वापरायला गेलो तर नकार आला. सेशन एकदा वापरलं की त्यावरची पॉलिसी पुसली जाते. दर खेपेला नवं सेशन आणि नवं पॉलिसीसीक्रेट.

कर्नलताई

अभिनंदन. पण दादा, इथे थांबलात तर दुरुस्तीवाल्याने जे केलं त्याचाच जरा हुशार अवतार पुन्हा होईल. दोन गोष्टी राहिल्यात.

पहिली, नाव बॉक्सकडून घेऊच नका. सर्व्हरने एके डॉट पब घ्यावं आणि नाव स्वतः काढावं: फाइलचे पहिले दोन बाइट लांबीचे, ते सोडून बाकीच्याचा शा२५६, त्याच्यापुढे ०००बी. तुमचा आजचा घोळ यात आपोआप मिटतो. महत्त्वाचं म्हणजे त्याच फाइलमधून टीपीएम२ प्रिंटने कीचे गुणधर्म तपासता येतात. फिक्स्डटीपीएम आणि रिस्ट्रिक्टेड दोन्ही लागलेले हवेत. फिक्स्डटीपीएम म्हणजे की त्या चिपबाहेर जाऊ शकत नाही. रिस्ट्रिक्टेड म्हणजे बाहेरून दिलेल्या कुठल्याही खोट्या कागदावर, हा चिपचाच अहवाल आहे असं दाखवून, ती सही करत नाही. नुसतं आयतं नाव घेतलं तर यातलं काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. या सगळ्या खटाटोपाने एवढंच सिद्ध होतं की ही अटेस्टेशन की त्या ईकेच्याच चिपमध्ये आहे. पण ती ईके खऱ्या चिपची हे कशावरून? उद्या कोणी सॉफ्टवेअर टीपीएम (चिपची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवला तर तोही हे सगळं बिनचूक करून दाखवेल. त्यासाठी चिप बनवणाऱ्याचं सर्टिफिकेट लागतं. आरएसए ईकेचं सर्टिफिकेट साधारण एनव्ही इंडेक्स (चिपच्या कायमच्या मेमरीतली जागा) ०एक्स०१सी००००२ वर असतं, तिथून वाचा आणि उत्पादकाच्या रूटपर्यंत साखळी तपासा. काही इंटेल बोर्डांवर ते चिपमध्ये नसतं, इंटेलच्या सर्व्हरवरून आणावं लागतं. त्यासाठी गेटईकेसर्टिफिकेट ही कमांड आहे.

बॉक्स ११ च आहेत, तर सोपी वाटही आहे. एकदा स्वतः प्रत्येक ठिकाणी जा, समोर बसून ईकेची पब्लिक की काढा, आणि सर्व्हरवर ११ नोंदींची यादी करा. यादीबाहेरची ईके आली की दार बंद.

वेबवाली_पंचवटी

मध्येच विचारते, माझंही असंच अडलंय. सर्व्हर गो भाषेत आहे, ब्लॉब त्यातल्या लायब्ररीने बनवते, आणि अ‍ॅक्टिव्हेटक्रेडेन्शियल फाइलच वाचत नाही. चिपपर्यंत जातच नाही.

टर्मिनलवाला (मालेगाव)

टूल्सच्या ब्लॉब फाइलला सुरुवातीला स्वतःचं हेडर असतं, ४ बाइट खूण आणि ४ बाइट आवृत्ती. लायब्ररी देते तो नुसता मालमसाला. खूण हेक्समध्ये बीएडीसीसी०डीई अशी आहे, मोठ्याने वाच, बॅड कोड. लिहिणाऱ्याला विनोद सुचला आणि आपण भोगतोय. तिच्यानंतर ०००००००१ लावून हे आठ बाइट फाइलच्या सुरुवातीला जोड, वाचेल.

वेबवाली_पंचवटी

वाचलं! धन्यवाद.

द्राक्षबॉक्स

ताई, यादीचंच करतो. १० बॉक्स दोन दिवसांत होतील, सगळे आग्रा रोडच्या आसपासच आहेत. अकरावा तो दुरुस्तीहून आलेला. तो आधी उघडून बघणार आहे, बोर्ड तरी आमचाच परत दिलाय का ते. सिरीयल नंबरचा फोटो माझ्याकडे आहे.